नागपुरात पंक आणि इंडस्ट्रियल नाईट भरवायची तर: दहाच्या आतलं गणित

नागपुरात पंक (छोटी, वेगवान, आक्रमक रॉक गाणी) आणि इंडस्ट्रियल (यंत्रांच्या आणि लोखंडाच्या आवाजांतून घडवलेलं संगीत) अशा अंडरग्राउंड बँडची ‘नाईट’ करायची तर ती संध्याकाळीच उरकायची तयारी ठेवा. पोस्टरवर खुशाल रात्र लिहा, अंधार आपण पडदे लावून करू. पण शेवटचं गाणं पावणेदहाच्या आत संपलं पाहिजे. जागा, बँडचा क्रम, साउंडचेक (कार्यक्रमाआधीची आवाजाची चाचणी), जेवण, परतीची गाडी हे सगळं त्या एका वेळेपासून मागे मोजत ठरवायचं.

कारण कायद्यात आहे. ध्वनिप्रदूषण (नियमन व नियंत्रण) नियम, २००० प्रमाणे सकाळी ६ ते रात्री १० हा दिवस, त्यापुढे रात्र. व्यावसायिक भागात दिवसाची मर्यादा ६५ डेसिबल, रात्रीची ५५. निवासी भागात ५५ आणि ४५. खासगी साउंड सिस्टिमचा आवाज आवाराच्या सीमेवर याच्या फार तर ५ डेसिबल वर चालतो. म्हणजे मिक्सरला कुणी हातही लावला नाही तरी दहाच्या ठोक्याला तुमची मुभा दहा डेसिबलने आकसते. बंदिस्त सभागृहात आतल्या आत लाउडस्पीकर रात्रीही चालतो, असं क्लबचा मॅनेजर सांगेल. नियमात तशी सूट आहे, खोटं नाही. पण बास काही भिंतीची परवानगी काढून बाहेर पडत नाही. शेजारच्या काकांनी ११२ लावला, गाडी आली आणि शेवटचा बँड दुसऱ्याच गाण्यावर थांबला, तर मुंबईहून आलेली ती पोरं नागपूरचं नाव पुन्हा घेणार नाहीत.

तारीख

एप्रिल, मे, जून विसरा. पंचेचाळीस अंशांच्या शहरात दीडशे माणसं बंद हॉलमध्ये उड्या मारणार आणि कोपऱ्यात डेझर्ट कूलर घरघरणार, हे चालायचं नाही. गणपती आणि नवरात्रात चांगला साउंडवाला मिळत नाही. धम्मचक्र प्रवर्तन दिनाच्या आसपास दीक्षाभूमीवर लाखो लोक येतात. गाड्या आणि लॉज भरलेले असतात, आणि त्या दिवसांत शहराने आपल्याकडे लक्ष द्यावं ही अपेक्षाही बरी नव्हे. डिसेंबरात हिवाळी अधिवेशन चालू असलं की पोलीस मोर्च्यांच्या बंदोबस्तात आणि खोल्यांचे भाव आभाळाला. त्यामुळे सगळ्यात सोयीचं ते अधिवेशन उठल्यापासून फेब्रुवारीपर्यंत. त्यातून २६ जानेवारी वगळा, ड्राय डे असतो. निवडणूक असेल तर मतदान संपण्याआधीचे ४८ तासही वगळा. आणि हो, कालनिर्णय उघडून लग्नाचे मुहूर्त बघा. पंकच्या गिगसाठी, म्हणजे कार्यक्रमासाठी, मुहूर्त बघायचा हे ऐकायला विचित्र वाटतं, पण मुहूर्ताच्या दिवशी अख्ख्या शहरातले स्पीकर लॉनवर गेलेले असतात.

जागा बघताना

रूफटॉप नको. शहरात रूफटॉप जागा भरपूर, फोटो छान येतात, मालकही लवकर हो म्हणतो. पण उघड्यावर ड्रमकिट म्हणजे चार गल्ल्यांना आमंत्रण. धंतोली आणि रामदासपेठेत पावलोपावली हॉस्पिटल आहेत. रुग्णालय, शाळा, न्यायालय यांच्याभोवतीचा १०० मीटरचा पट्टा शांतता क्षेत्र म्हणून जाहीर होऊ शकतो, आणि जाहीर नसला तरी ऑपरेशन झालेल्या माणसाच्या खिडकीखाली आपण ब्लास्टबीट, म्हणजे ड्रमचा तुफान वेगाचा मारा, का वाजवावा? वर्धा रोड, हिंगणा रोड अशा मोठ्या रस्त्यांलगतचा बंद हॉल शोधा. खिडक्या कमी, दाराला मध्ये छोटा पॅसेज असलेली दोन दारं, आणि भिंतीला भिंत लावून कुणाचं घर नाही, एवढं असलं की पुढे बोला.

मग चाचणी घ्या. क्लबच्या सिस्टिमवर भरपूर बास असलेला ट्रॅक गिगच्या आवाजात लावायला सांगा आणि स्वतः बाहेर कंपाउंडपाशी जाऊन उभे राहा. मोबाईलवरचं डेसिबल मीटर अगदी काटेकोर नसतं, पण ६० आणि ८० मधला फरक दाखवतं. नुसतं मीटरवर विसंबू नका, शेजारच्या भिंतीला तळहात लावून बघा. भिंत थरथरत असेल तर जागा सोडा. ‘ए-वेटेड’ मीटर खालच्या स्वरांना कमी मोजतं आणि इंडस्ट्रियलचा सगळा जीव तिथेच असतो.

कागद मागायला लाजू नका. सार्वजनिक करमणुकीच्या कार्यक्रमांचे परवाने महाराष्ट्र पोलीस अधिनियम, १९५१ च्या कलम ३३ खालच्या नियमांनुसार पोलीस आयुक्तालयाकडून मिळतात. क्लबकडे आहे तो परवाना लाइव्ह बँडला लागू आहे की फक्त डीजेला, हे स्पष्ट विचारा. अग्निशमनाची एनओसी आणि दर जानेवारी-जुलैला देखभालीचा जो ‘फॉर्म बी’ भरावा लागतो, त्याची प्रत बघा. नंतर मागचं दार स्वतः ढकलून बघा. पुष्कळदा त्याच्यामागे बिअरचे क्रेट रचलेले असतात.

बँड स्वतःची गाणी वाजवणार असतील तर सोपं. दुसऱ्यांची गाणी वाजणार असतील तर आयपीआरएसचा (गीतकार-संगीतकारांच्या हक्कांची संस्था) आणि मधल्या वेळेत रेकॉर्डेड संगीत लावणार असाल तर पीपीएलसारख्या (रेकॉर्डिंगच्या हक्कांच्या) संस्थेचा परवाना लागतो. क्लबकडे आधीच असेल तर त्यात तुमचा कार्यक्रम बसतो का ते बघून घ्या.

मालकाशी सौदा

इथे दहाच्या आतलं वेळापत्रक तुमच्या कामी येतं. मालकाला शनिवारची रात्र मागितली तर तो तुम्हाला चहा पाजून घरी पाठवेल. त्याला सांगा: रविवारी दुपारी बारा ते रात्री पावणेदहा हॉल द्या, त्या वेळेत तसाही तुमचा बार रिकामा असतो, दहानंतर तुमचा डीजे आणि तुमचं नेहमीचं गिऱ्हाईक. दाराचे पैसे आमचे, बारचे तुमचे. ‘बारवर किमान इतका धंदा झालाच पाहिजे, नाहीतर फरक तुम्ही भरा’ ही अट मात्र मान्य करू नका. तुमच्या प्रेक्षकांत कॉलेजची पोरं निम्मी असणार, ती एका थंड पाण्याच्या बाटलीवर चार बँड ऐकतात.

काय वाजणार आहे हे मालकापासून लपवू नका. लंडनच्या आयसीए या कलाकेंद्रात ३ जानेवारी १९८४ ला आइनश्टुर्त्सेंडे नॉयबाउटेन या बर्लिनच्या बँडमधली मंडळी ड्रिल आणि काँक्रीट मिक्सर घेऊन स्टेजवर चढली, स्टेजच फोडायला लागली आणि कार्यक्रम मध्येच बंद करावा लागला. वाचायला मजा वाटते. डिपॉझिट आपलं असलं की वाटत नाही. म्हणून कागदावर लिहा: स्टेजवर पत्रे आणि लोखंड वाजेल, ग्राइंडर चालणार नाही, आग नाही, ठिणगी नाही, फरशीला आणि भिंतीला हात नाही. बंद हॉलमध्ये ग्राइंडरच्या ठिणग्या उडवायच्या असं एखादा बँड म्हणाला तर सरळ नाही म्हणा. पडदे आणि साउंडप्रूफिंगचा फोम भुरकन पेटतो.

चार बँड, आणि क्रम कसा लावायचा

चारच्या वर जाऊ नका. पंकला वेळ कमी लागतो. रामोन्सच्या १९७६ च्या पहिल्या अल्बममध्ये १४ गाणी आहेत आणि तो अर्ध्या तासाच्या आत संपतो. नव्या बँडला २५ मिनिटं म्हणजे चैन आहे. इंडस्ट्रियलला मात्र ताणायला जागा लागते, त्याला ३५ द्या.

नागपुरी सहा म्हणजे साडेसात, हे सगळ्यांना ठाऊक आहे. त्यावर उपाय एकच: पहिला बँड वेळेवर सुरू करायचा, समोर दहा माणसं असली तरी. एकदा कळलं की हे लोक खरंच वेळेवर सुरू करतात, पुढच्या वेळी लोक येतात. दार साडेपाचला. सव्वासहाला स्थानिक पंक बँड, सहा चाळीसपर्यंत. सहा पंचावन्नला इंडस्ट्रियल, साडेसातपर्यंत. सात पन्नासला दुसरा पंक बँड, सव्वाआठपर्यंत. आठ पस्तीसला बाहेरगावचा मुख्य बँड, नऊ वीसपर्यंत. उरलेली पंचवीस मिनिटं तुटलेली तार, उडालेला फ्यूज आणि ‘वन्स मोअर’ यांच्यासाठी.

इंडस्ट्रियल शेवटी का नाही, असं त्यातले दर्दी विचारतील. दोन कारणं. सगळ्यात खालचा बास त्यांचा, तो दहाच्या जवळ नेऊ नका. आणि त्यांचं टेबल, लॅपटॉप, ड्रम मशीन, सिंथ (सिंथेसायझर), पत्र्यांचा सांगाडा मांडायला पाऊण तास लागतो. ते सगळं दार उघडायच्या आधी स्टेजच्या एका अंगाला मांडून, साउंडचेक करून, वर चादर टाकून ठेवा. त्यांची वेळ आली की चादर काढायची, केबल जोडलेल्याच असतात.

साउंडचेक उलट्या क्रमाने करा: मुख्य बँड एक वाजता, पहिला बँड सगळ्यात शेवटी, म्हणजे त्यांची मांडणी तशीच राहते. ड्रमकिट एकच, सगळ्यांना सामायिक. स्नेअर (हातासमोरचा छोटा ड्रम), सिंबल आणि ड्रमचं पेडल ज्याचं त्याने आणायचं. बास अँप एक, गिटार अँप दोन. हे प्रत्येक बँडकडून लेखी कबूल करून घ्या, कारण ड्रमर या जमातीला फोनवर सांगितलेलं लक्षात राहत नाही.

बाहेरगावच्या बँडला नागपूर पटवून देणं अवघड नाही. मुंबई-हावडा आणि दिल्ली-चेन्नई हे दोन्ही लोहमार्ग इथे मिळतात. कोलकात्याहून मुंबईला जाणाऱ्या बँडला तशीही ही वाट आहे. मुंबईहून दुरांतोने रात्री निघून सकाळी उतरता येतं. तिकिटं आधी काढा, मानधन मग ठरवा. आणि गायकाला कार्यक्रमाआधी सावजी खाऊ घालू नका. आग्रह करायचाच असेल तर नंतर करा.

साउंडवाला

नागपुरातला साउंडवाला तयारीचा असतो, पण त्याचा हात लग्नात आणि मिरवणुकीत बसलेला असतो. गायकाच्या आवाजाला तो आपोआप इको लावणार, बास वर ढकलणार, आणि गिटार किंचाळली की घाबरून फेडर (मिक्सरवरची आवाजाची सरकपट्टी) खाली ओढणार. त्याची चूक नाही. आयुष्यभर फीडबॅक (माइक-स्पीकरची शीळ) मारणं हेच त्याचं काम. म्हणून आठवडाभर आधी त्याला गाठून दोन-तीन बँडचं लाइव्ह रेकॉर्डिंग ऐकवा. ‘भाऊ, हा स्पीकर फाटून राहिला ना!’ असं तो म्हणेल. म्हणा, नाही दादा, स्पीकर ठीक आहे, आवाजच फाटका आहे. हा फाटकेपणा गिटारच्या पेडलमधून येतो, सिस्टिम क्लिप होऊन (क्षमतेबाहेर जाऊन) नव्हे, हे एकदा त्याच्या डोक्यात बसलं की तो तुमचा सगळ्यात भरवशाचा माणूस. इंडस्ट्रियलच्या सेटला लिमिटर (आवाज ठराविक पातळीवर रोखणारं यंत्र) चालू ठेवायला तोच तुम्हाला सांगेल, आणि ऐका त्याचं.

दीडशे माणसांच्या हॉलमध्ये ड्रमला फार माइक लागत नाहीत, किक (पायाने वाजवायचा मोठा ड्रम) आणि फार तर स्नेअर. गिटार अँपमधूनच ऐकू येऊ द्या. सिस्टिमचं मुख्य काम गायकाचा आवाज ड्रमच्या वर काढणं. ड्रमर जितका जोरात बडवणार तितकी पातळी चढणार, त्यामुळे आवाज आटोक्यात ठेवायची सुरुवात मिक्सरवर होत नाही, ड्रमरपासून होते. किटच्या खाली जाड सतरंजी अंथरा आणि किकपुढे दोन विटा ठेवा, नाहीतर तिसऱ्या गाण्यात किक प्रेक्षकांत जाते.

वीज. लॅपटॉप, सिंथ आणि मिक्सर एकाच फेजवरून, एकाच बोर्डातून घ्या. लाइट, फॉग मशीन आणि एसी दुसऱ्या फेजवर. अर्थिंग इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्या. एका हातात गिटार आणि ओठ माइकला, अशा वेळी बसणारा झटका विनोदाचा विषय नाही. लॅपटॉपवाल्यांना छोटा यूपीएस द्या. जनरेटरवर जाताना दोन सेकंद जरी अंधार झाला तरी ड्रम मशीन शून्यावर येतं.

पत्रे, पिझो आणि कबाडी

आता सगळ्यात मजेचा भाग. ‘इंडस्ट्रियल’ हे नाव लंडनच्या थ्रॉबिंग ग्रिसलने १९७६ मध्ये काढलेल्या इंडस्ट्रियल रेकॉर्ड्सवरून रुळलं, आणि ते संगीत वाढलं शेफील्डसारख्या कारखान्यांच्या शहरांत. नागपूरला त्यात उपरेपणा वाटायचं कारण नाही. इथे १ जानेवारी १८७७ ला जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल सुरू झाली. आज त्या जागेवर मॉल उभा आहे. हिंगण्याला एमआयडीसी आहे, कोराडीला वीज केंद्र आहे. बर्मिंगहॅमचे सॅम्पल (रेकॉर्ड केलेले आवाजाचे तुकडे) डाउनलोड करण्यापेक्षा आपलं लोखंड वाजवा.

कबाड्याकडे सकाळी जा आणि सोबत एक मोठा बोल्ट ठेवा. प्रत्येक तुकडा हातात लोंबता धरून त्या बोल्टने ठोका. पातळ पत्रा खडखडतो, जाड पत्रा घुमतो, दोन्ही लागतात. ट्रकच्या स्प्रिंगच्या पाट्याचा तुकडा घंटेसारखा वाजतो आणि दहा वर्षं बडवला तरी त्याला काही होत नाही. जाड स्प्रिंग, तेलाचा रिकामा डबा, शटरची एखादी पट्टी घ्या. ॲसिडचे किंवा रसायनांचे ड्रम कितीही छान वाजले तरी घेऊ नका. घरी आणून कडा कानशीने घासा आणि त्यावर जाड टेप लावा. पिटमधला, म्हणजे स्टेजसमोर धक्काबुक्की करत नाचणाऱ्या गर्दीतला, माणूस स्टेजवर येऊन पडतोच.

पत्रा जमिनीवर ठेवला की त्याचा आवाज मरतो. लोखंडी पाइपाच्या चौकटीला नायलॉन दोरीने टांगा. मागच्या बाजूला पिझो डिस्क (कंपनांचं विजेच्या सिग्नलमध्ये रूपांतर करणारी चकती) लावायची. इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात ती किरकोळ किमतीत मिळते. शिल्डेड वायरची दोन टोकं डाखायची, वर इन्सुलेशन टेप, आणि दुहेरी चिकटपट्टीने पत्र्यावर घट्ट दाबून बसवायची. मध्यभागी न लावता काठाजवळ लावा, मधला ठोका तिला फोडतो. थेट मिक्सरमध्ये घातली तर आवाज पत्र्याच्या डब्यासारखा बारीक येतो, कारण पिझोला पुढे खूप जास्त इम्पिडन्स (सिग्नलला होणारा विजेचा रोध) लागतो, साधारण एक मेगाओहम. ॲक्टिव्ह डीआय बॉक्स (सिग्नल मिक्सरजोगा करणारी डबी) वापरा, नाहीतर सरळ गिटारच्या डिस्टॉर्शन पेडलमधून न्या. दुसरा उपाय स्वस्तही आहे आणि माझ्या कानाला जास्त गोडही लागतो.

दार, पिट आणि कान

महाराष्ट्रात बिअर आणि वाईनसाठी वय २१, कडक दारूसाठी २५. तुमच्या प्रेक्षकांत अठरा-एकोणीसची पोरं असणार. एकवीसखालच्यांना आत घ्यायला क्लब तयार आहे का, हे आधी लेखी घ्या. तयार असेल तर दारावर ओळखपत्र बघून दोन रंगांचे मनगटी पट्टे बांधा आणि बारवाल्याला रंग समजावून सांगा.

कानांचं मात्र गांभीर्याने घ्या. ८५ डेसिबल आठ तास सोसतात, आणि दर तीन डेसिबलला ही वेळ निम्मी होते. १०० डेसिबलला पंधरा मिनिटं. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ मध्ये अशा ठिकाणांसाठी पंधरा मिनिटांच्या सरासरीत कमाल १०० डेसिबल ही मर्यादा सुचवली. सेफ्टीच्या सामानाच्या दुकानातून फोमचे इअरप्लग घाऊक आणा आणि दारावर फुकट वाटा. पिळून, कान वर ओढून, आत घालून अर्धा मिनिट धरायचे हे एकदा दाखवा. नुसते कानाच्या तोंडाशी ठेवलेले काही कामाचे नाहीत. स्ट्रोब लाइट वापरणार असाल तर दारावर ठळक पाटी लावा, अपस्मार असलेल्याला तो धोक्याचा ठरतो.

मॉश पिट नवख्यांना मारामारी वाटते, आणि नवखे बाउन्सर तर ती सोडवायला धावतात. बाउन्सरना साउंडचेकच्या वेळीच बसवून सांगा: पडलेल्याला आजूबाजूचे उचलतात की नाही ते बघा; उचलत असतील तर हात घालू नका. कोपर चेहऱ्यावर येतोय, कुणी ठरवून एखाद्यालाच ढकलतोय, किंवा पिटच्या नावाखाली मुलींच्या अंगाला हात लावतोय, तर पहिल्याच वेळी बाहेर. ‘समजवून सांगतो’ वगैरे नको. पैसे परत देऊ नका. आपल्यातल्याच दोन मुलींना ओळखता येईल असा टी-शर्ट घालून पिटच्या दोन्ही बाजूंना उभं ठेवा; तक्रार बाउन्सरकडे जात नाही, त्यांच्याकडे येते. पाणी फुकट आणि भरपूर. प्रथमोपचाराची पेटी बारमागे ठेवा, आणि १०८ ला पत्ता सांगताना कुठलं लँडमार्क सांगायचं ते आधी ठरवा.

प्रेक्षकांना परतीचं सांगून ठेवा. मेट्रोच्या ऑरेंज आणि ॲक्वा दोन्ही मार्गांवरच्या शेवटच्या गाड्या दहाच्या सुमारास असतात. नेमकी वेळ त्या दिवशी बघून पोस्टरखाली छापा. साडेनऊला हॉल सोडणारी मुलगी सीताबर्डीला गाडी बदलून घरी पोचते, हे तिच्या घरच्यांना सांगता आलं तर ती पुढच्या गिगलाही येते.

पैसे

तिकीट ५०० च्या आत ठेवा. माणशी ५०० रुपयांपर्यंतच्या संगीत कार्यक्रमाच्या प्रवेशावर जीएसटी नाही. समजा तिकीट ३०० आणि १२० लोक आले, तर ३६,००० जमतात. त्यातून आधी साउंडवाला, मग बाहेरगावच्या बँडचा प्रवास आणि खोली, मग स्थानिक बँड, मग तुम्ही. हा क्रम उलटा करणारे आयोजक दुसरा कार्यक्रम करत नाहीत, कारण त्यांच्याकडे कुणी वाजवायला येत नाही. गेस्ट लिस्ट बँडमागे दोन माणसं. ‘मी त्या ड्रमरचा मावसभाऊ’ म्हणणाऱ्यालाही तिकीट, आणि तुमच्या स्वतःच्या मावसभावालाही.

स्थानिक बँडला ‘एक्सपोजर’ देऊ नका, पैसे द्या. पाचशे का होईना, पाकिटात घालून त्याच रात्री हातात ठेवा. हिशोबाचा कागद चारही बँडसमोर मांडा: किती तिकिटं, कुणाला किती, घाटा आला तर किती. कबाडातलं न वाकलेलं लोखंड पुढच्या गिगसाठी ठेवा, वाकलेलं त्याच कबाड्याला वजनावर परत द्या. तो भाव पाडून मागेल. मिळेल ती रक्कमही त्याच कागदावर जमेला लिहा.